पाच केव्हीएचा जनरेटर, नऊ महिने आणि चार स्क्रू

गणपती उरकल्यावर सप्टेंबरमध्ये घेतला. आता जून लागलाय, मासेमारीची पावसाळी बंदी सुरू, हर्णैला बोट वर ओढून शाकारून झाली, म्हणून लिहायला सवड मिळाली. ५ केव्हीए, सिंगल फेज, एअर कूल्ड डिझेल, ३००० आरपीएम, बिनब्रशचा कपॅसिटरवाला अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग, त्याचं व्होल्टेज कपॅसिटर उभं करतो). बाकीचं माहितीपत्रक तुम्ही वाचलेलंच असणार. कोणी टोमणा मारायच्या आधी सांगतो, लाइट मारून मासे धरायला घेतलेला नाही. त्याला बंदी आहे आणि ते धंदे आपले नाहीत. बोटीतले दिवे, पाणी उपसायचा एक एचपीचा पंप, बॅटरीचा चार्जर आणि खलाशांचे मोबाईल, एवढंच काम.

बोटीसाठीच बनवलेला पाण्यावर थंड होणारा सेट का नाही घेतला? त्या किमतीत माझी जाळी नवी होतात. दुकानदार म्हणाला, "शेठ, बोटीवर बिनधास्त चालतो." चालतो, खोटं नाही. पण अल्टरनेटरच्या मागच्या पत्र्याच्या झाकणाला चार स्क्रू आहेत ते साध्या लोखंडाचे. एवढ्या महागाच्या मशीनला चार स्टेनलेसचे स्क्रू लावायला कंपनीचं काय जात होतं? दिवाळीपर्यंत चारही तांबूस झाले. तेव्हा मी हसलो होतो.

जानेवारीत एका रात्री १२ वाव (साधारण सत्तर फूट) पाण्यात होतो. दिवे लख्ख. तांडेल, म्हणजे बोट हाकणारे, माझे मामा. त्यांनी पंपाचं बटण दाबलं तर पंप नुसता घुं घुं करत राहिला, फिरेना. मामांनी बंद करून हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे, तापलाय बघ! पंपच गेला तुझा." शेवटी बादलीने पाणी उपसलं आणि पहाटे परत फिरलो. डिझेल गेलं, बर्फ गेला, फेरी फुकट.

पंप गेला नव्हता. जेटीला मल्टिमीटर लावला तर जनरेटर देत होता १७२ व्होल्ट. दिवे मात्र जसेच्या तसे! कारण सगळे एलईडी, आणि ते मुकाट्याने कमी व्होल्टेजवरही जळत राहतात. जुना पिवळा बल्ब असता तर महिनाभर आधीच मलूल होऊन त्याने सांगितलं असतं. व्होल्टेज एका रात्रीत पडलं नव्हतं, हळूहळू उतरत आलं होतं. पॅनेलवरच्या मीटरचा काटा इतका थरथरतो की तो १७० दाखवतो की २३० हे देवच जाणे.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. तीन दिवसांनी आला, झाकणसुद्धा न उघडता म्हणाला वाइंडिंग गेलं, रिवाइंडिंगचे साडेचौदा हजार. आणि वॉरंटी? खाऱ्या हवेला लागू नाही. विकताना खारी हवा कुठे गेली होती? त्याच रात्री एक स्टार द्यायचं पक्कं केलं होतं.

माझा भाचा आयटीआय झालेला. तो म्हणाला, जळलं असतं तर वास आला असता. त्याने आधी मल्टिमीटर हर्ट्झवर फिरवला. हर्ट्झवरून इंजिनाचा वेग कळतो, ३००० आरपीएमला ५०. लोड नसताना ५१.५. म्हणजे इंजिन बरोबर फिरतंय, दोष विजेच्या बाजूला. (हर्ट्झ कमी असते तर उलट, आधी इंजिनाकडे बघायचं. हे एक वाक्य मला सप्टेंबरमध्ये कोणी सांगितलं असतं तर!) मग सॉकेटवर मोजलं, थेट अल्टरनेटरच्या टर्मिनलवर मोजलं. फरक दोन व्होल्टचा, म्हणजे वायरिंगही ठीक. उरला कपॅसिटर, आणि तो त्या चार स्क्रूंच्या मागे.

दोन स्क्रू निघाले. तिसरा रात्रभर तेलात भिजवून निघाला. चौथ्याचं डोकंच घासलं गेलं, शेवटी पत्रा वाकवून हात आत घातला. भाच्याने इंजिन बंद असूनही आधी बल्बच्या दोन वायरी कपॅसिटरला टेकवून तो रिकामा केला, मगच बोट लावलं. वर छापलेलं ३१.५ मायक्रोफॅरड, मीटरवर १९. नवा ३२० रुपयांना. दुकानात एकजण म्हणाला, ४५ चा टाका, व्होल्टेज वाढेल. भाच्याने ऐकलं नाही, कारण जास्तीचा कपॅसिटर वाइंडिंग तापवतो. ३१.५ चाच टाकला आणि २३१ व्होल्ट. पंप पहिल्या झटक्यात सुरू. साडेचौदा हजार कुठे आणि ३२० कुठे! आठवडाभर जेटीवर ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

इथे मला माझेच शब्द गिळावे लागले. शिमग्याला खलाशी घरी गेले, बोट दहा दिवस उभी. परत निघालो तर पंप लावला की पुन्हा व्होल्टेज १८८. मी शहाणा, मीटर न लावता सरळ नवा कपॅसिटर आणला. आणखी ३२० पाण्यात, कारण फरक शून्य. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, हर्ट्झ बघितले का?" नव्हते बघितले. लोड नसताना ५१, पंप लावला की ४५. या वेळी कपॅसिटरचा काही संबंध नव्हता, इंजिनच लोड घेत नव्हतं. डिझेल फिल्टर उघडला तर तळाशी काळा चिखल आणि पाणी. कॅनमधलं डिझेल न गाळता ओतणारा मीच. फिल्टर १८० रुपये. बदलल्यावर पूर्ण लोडवर ४९.५ हर्ट्झ, २२४ व्होल्ट.

आणखी एक कबुली. कपॅसिटर चार महिन्यांत का गेला असेल? सेट मी मुख्य इंजिनाच्या सायलेन्सरच्या पाइपाशेजारी बसवला होता, जागा वाचावी म्हणून. तिथे हात धरवत नाही इतकी धग, आणि कपॅसिटरला धग सोसत नाही. जानेवारीनंतर दुसऱ्या बाजूला हलवलाय. त्यामुळे एक स्टारचे तीन करतोय. इंजिन दणकट आहे, डिझेल बेताचं पितं, आवाज मात्र कान किटवणारा. सर्व्हिसला शून्य.

इंजिनरूममध्ये आता ६० वॅटचा पिवळा बल्ब टांगलाय. तो पिवळटला की मामा तिथूनच हाक मारतात.

बंदीत दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं लोड देऊन चालवतोय, म्हणजे अल्टरनेटरमधलं उरलंसुरलं चुंबकत्व टिकेल आणि वाइंडिंग ओल धरणार नाही. परवा २२८ व्होल्ट, ५१ हर्ट्झ. झाकण तीन स्क्रूंवर आहे, तीनही स्टेनलेसचे, माझ्या पैशाने. चौथ्याचा तुकडा अजून आतच अडकलाय. तो ड्रिल न मारता काढायची युक्ती कोणाला माहीत असेल तर सांगा, ड्रिलवाला दीडशे मागतोय.