एफ-16 की हॉर्नेट: घरच्या सिम्युलेटरसाठी पहिले विमान निवडताना

डीसीएससारख्या, संगणकावर लढाऊ विमाने उडवायला देणाऱ्या सिम्युलेटरमध्ये पहिले आधुनिक लढाऊ विमान विकत घ्यायचे ठरले, की बहुतेकांचा विचार शेवटी दोन नावांपाशी येऊन अडतो: एफ-16सी आणि एफ/ए-18सी हॉर्नेट. मी दोन्ही घेतली, दोन्ही मनापासून उडवली, आणि आता त्यांपैकी एकच नियमितपणे उडवतो. कमाल वेग, रडारचा पल्ला, क्षेपणास्त्रांच्या याद्या हे सारे सर्वत्र सहज मिळते, म्हणून ते येथे पुन्हा मांडत नाही. संध्याकाळी तासभर मोकळा मिळणाऱ्या माणसाला या दोघांबरोबर राहताना काय अनुभव येतो, तेवढेच सांगतो.

दोघांची कूळकथा एकच आहे आणि ती ठाऊक असली की पुढचे बरेच फरक आपोआप उलगडतात. अमेरिकी हवाई दलाला हलके आणि तुलनेने स्वस्त लढाऊ विमान हवे होते, त्यासाठीच्या स्पर्धेत 1974 मध्ये जनरल डायनॅमिक्सचे वायएफ-16 आणि नॉर्थ्रॉपचे वायएफ-17 समोरासमोर आले. जानेवारी 1975 मध्ये हवाई दलाने वायएफ-16 निवडले. नौदलाने मात्र हरलेल्या विमानावर बोट ठेवले, कारण समुद्रावर शेकडो मैल दूर असताना एका इंजिनावर विसंबणे त्याला पटत नव्हते. मॅकडॉनेल डग्लसने नॉर्थ्रॉपच्या साथीने त्या वायएफ-17ला वाढवले, त्याचे पाय जाडजूड केले, पंख घडीचे केले, विमानवाहू नौकेवरच्या तारेत अडकणारा हूक मागे लावला, आणि नोव्हेंबर 1978 मध्ये हॉर्नेट प्रथम उडाले. एक विमान हवेत जिंकण्यासाठी घडले आणि दुसरे नौकेवर परत येण्यासाठी, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नुसत्या कामगिरीचा प्रश्न असेल तर माझ्या मते कौल एफ-16कडे जातो, आणि तो थोडक्याने नव्हे. आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी सोय) लावून नाक वर केले की ते ज्या सहजतेने उंची गाठते, तशी सहजता हॉर्नेटमध्ये मला कधी जाणवली नाही. एफ-16 नऊ जीपर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट भारापर्यंत, वळते, हॉर्नेटची नेहमीची मर्यादा साडेसात जीची आहे; पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वळणात गमावलेला वेग एफ-16 लगेच भरून काढते, हॉर्नेटला मात्र त्यासाठी बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याने आपले काम उरकलेले असते. कमी वेगाच्या झटापटीत चित्र पालटते. पंखांच्या मुळाशी पुढे थेट कॉकपिटपर्यंत आलेल्या पट्ट्यांमुळे हॉर्नेट इतक्या तीव्र कोनातही ताब्यात राहते, की समोरच्याच्या दिशेने नाक फिरवून नेम साधता येतो. एफ-16चा संगणक तशा कोनाआधीच वैमानिकाचा हात धरतो. असे प्रसंग खेळात येतात, तरी ज्याला वेग हवा आहे त्याने एफ-16 घेतलेले बरे.

खऱ्या विमानांच्या किमतीत मोठी तफावत आहे. अमेरिकी हवाई दल एफ-16सीची किंमत 1998च्या दराने 1.88 कोटी डॉलर सांगते, आणि दोन इंजिनांचे, नौकेसाठी मजबूत केलेले हॉर्नेट त्याहून बरेच महाग पडते. आपल्या खिशाला मात्र दोघांची मूळ किंमत सारखीच, प्रत्येकी साधारण 80 डॉलर, आणि सवलतीच्या दिवसांत दोन्ही बरीच खाली येतात. खरा फरक मागाहून कळतो. हॉर्नेट घेतलेला माणूस आज ना उद्या विमानवाहू नौकेकडे वळतोच. मूळ सिम्युलेटरबरोबर एक साधी नौका मिळते खरी, पण काही आठवड्यांत डेकवरची माणसे, रंगीत जॅकेटे आणि इशारे असलेली वेगळी विकत मिळणारी नौका खुणावू लागते. त्या हिशेबाने हॉर्नेट थोडे महागच पडते, हे मान्य करायला हवे.

जॉयस्टिकबाबतची एक बाब सहसा कोणी बोलून दाखवत नाही. एफ-16ची दांडी उजव्या हाताशी असते आणि ती जवळजवळ हलतच नाही. हाताचा दाब ओळखून विमान वळते. सुरुवातीच्या वायएफ-16मध्ये तर ती अजिबात हलत नव्हती, आणि जानेवारी 1974 मध्ये धावपट्टीवरच्या वेगवान चाचणीत विमान डावी-उजवीकडे इतके झोलू लागले, की चाचणी वैमानिकाला ते थांबवण्याऐवजी हवेत न्यावे लागले. पहिले उड्डाण असे ठरल्याआधीच होऊन गेले. आपल्या टेबलावरची जॉयस्टिक चांगली चार बोटे हलते, त्यामुळे एफ-16चा खरा स्पर्श घरी मिळत नाही. हॉर्नेटची दांडी दोन पायांच्या मध्ये असते आणि नेहमीसारखी हलते, म्हणून साध्या जॉयस्टिकवरही ती फारशी परकी वाटत नाही.

दिसण्याबाबत माझ्यापुरता वाद नाही, एफ-16 देखणे आहे. समोर एकही चौकट नसलेली काचेची घुमटी, हनुवटीखाली हवा घेणारे तोंड, पंख आणि धड यांत शिवण न दिसणारा वळसा, आणि वैमानिकाची मागे रेललेली खुर्ची. 1974 साली प्रथम उडालेले विमान आजही जुने दिसत नाही. हॉर्नेटच्या घुमटीला पुढे चौकट आहे आणि जमिनीवर उभे असताना त्याचे वाकडे पाय चांगले दिसत नाहीत. मात्र बाहेर कललेल्या दोन शेपट्या आणि दमट हवेत वळताना त्या पट्ट्यांवरून निघणारे पांढरे लोट पाहताना मी अनेकदा शत्रूला विसरलो आहे. खऱ्या विमानात हेच लोट शेपट्यांवर आपटून तेथील धातू थकवू लागले, म्हणून पुढे त्या पट्ट्यांवर छोटी उभी कुंपणे बसवावी लागली.

येथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल, की मी एफ-16च सुचवणार. माझा निर्णय मात्र उतरण्यावर झाला.

एफ-16 खाली यायला तयार नसते. त्याला समोरून येणाऱ्या हवेशी नाकाचा कोन अकरा ते तेरा अंशांवर धरून आणावे लागते, शेवटी हलकेच वर उचलावे लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी, धावपट्टी चाकांपासून हातभर अंतरावर असताना, ते तरंगू लागते. इंजिन अगदी मंद केलेले असते, वेगरोधक उघडलेले असतात (चाके खाली असताना तेही पूर्ण उघडत नाहीत, कारण ते जमिनीला घासतील), तरी विमान पुढेच जात राहते आणि धावपट्टीचे आकडे मागे पडत जातात. दांडी जरा जास्त ओढली तर उसळी बसते, आणि नाक पंधरा अंशांपलीकडे गेले तर मागचे धूड डांबराला लागते. टेकल्यानंतरही नाक तसेच वर धरून हवेच्या रोधावर वेग मारायचा असतो. उत्तम उड्डाण करून, दोन शत्रू पाडून परत यावे आणि शेवटच्या वीस सेकंदांत सारा आनंद सांडावा, असे माझ्याबाबतीत इतक्यांदा घडले, की हळूहळू मी उतरण्याआधीच खेळ बंद करू लागलो. हा दोष विमानाचा आहे, असे मी म्हणणार नाही. निष्णात मंडळी ते लोण्यासारखे उतरवतात.

हॉर्नेटचे याउलट आहे. चाके आणि फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) खाली करावेत, विमान हवेशी 8.1 अंशांच्या कोनावर ट्रिम करावे, म्हणजे दांडी न ओढताही तेथे स्थिर राहील असे करावे, मग दांडीला जवळजवळ विश्रांती द्यावी आणि चढउतार थ्रॉटलने सांभाळावा. तो कोन संगणकच धरून ठेवतो. पडद्यावरचे, विमान प्रत्यक्ष कुठे चालले आहे ते दाखवणारे दिशाचिन्ह धावपट्टीच्या सुरुवातीला टेकवले की ते तेथेच उतरते, मिनिटाला 700 फुटांच्या आसपासच्या वेगाने, वर उचलण्याची कसलीही कसरत न करता. धप्प असा आवाज होतो, ते वाकडे पाय दबतात, आणि काम संपते. जे पाय मला कुरूप वाटत होते, ते यासाठीच तसे आहेत. नौकेवर उतरणे अर्थात अवघड आहे आणि तेथे अजूनही माझा घाम निघतो, पण तेथे चुकले तर का चुकले हे कळते. एफ-16मध्ये ते मला बराच काळ कळतच नसे.

आपल्याकडच्या वाचकाला हॉर्नेटबद्दल थोडी आपुलकी वाटण्याचे आणखी एक कारण आहे. त्याचे एफ404 हे इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातले इंजिन आपल्या तेजसमध्ये आहे, आणि तेजस मार्क-1एची एक जुळणी-शाखा आता नाशिकजवळ ओझरला आहे. हॉर्नेटचा मोठा भाऊ सुपर हॉर्नेट 2022 मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसावर येऊन टोकाला वर वळलेल्या (स्की-जंप) धावपट्टीवरून उडूनही गेला, जरी नौदलाने शेवटी राफेल-एम घेतले. एफ-16 आपल्या शेजाऱ्याकडे 1983 पासून आहे, म्हणून काही जण ते घ्यायलाच नकार देतात. सिम्युलेटरपुरती ही अढी मला अनाठायी वाटते.

ज्यांना ऑनलाइन मित्रांबरोबर हवाई झुंजी खेळायच्या आहेत, ज्यांच्याकडे चांगली जॉयस्टिक आधीच आहे आणि ज्यांना समुद्राचे आकर्षण नाही, त्यांनी माझे ऐकू नये व एफ-16 घ्यावे. बाकीच्यांनी पैसे देण्यापूर्वी दोन्ही विमानांची दोन आठवड्यांची मोफत चाचणी घ्यावी, आणि ती क्षेपणास्त्रे डागण्यात न घालवता संध्याकाळभर केवळ उड्डाण करून पुन्हा उतरण्याच्या फेऱ्या माराव्यात. ज्या विमानातून उतरल्यावर लगेच पुन्हा उडावेसे वाटेल, ते घ्यावे. मी आता हॉर्नेटच उडवतो आणि एफ-16 फक्त छायाचित्रे काढण्यासाठी उघडतो.