पीएस५ घेताना: डिस्क, डिजिटल की सबस्क्रिप्शन?

पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल, दोन प्रकारांत मिळतो, डिस्क ड्राइव्ह असलेला आणि नसलेला, म्हणजे फक्त डाउनलोड केलेले गेम चालवणारा ‘डिजिटल’. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्हींत सारखेच. २०२१ साली भारतात आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना होता. २०२४ मध्ये त्याचीच आटोपशीर आवृत्ती स्लिम आला तेव्हाही दोघांतलं अंतर दहा हजारांचंच राहिलं. हे दहा हजार एकदाच वाचतात, गेमवरचा खर्च मात्र कन्सोल असेपर्यंत चालतो. त्यामुळे वर्षाला आपले किती गेम पुरे होतात आणि पुरे झाल्यावर त्यांचं काय करतो, हे आधी पाहावं.

कथा संपवून पुढच्या गेमकडे वळणाऱ्याने डिस्कचाच कन्सोल घ्यावा. धरा, नवा गेम ५,००० ला घेतला आणि महिन्याभरात ३,५०० ला विकला, तर तो दीड हजारात खेळून झाला. असे चार गेम झाले की १४,००० हातात परत येतात, म्हणजे ड्राइव्हचे पैसे वसूल होऊन वर काही उरतात. मात्र हे गणित पहिल्या महिना-दीड महिन्यातच जमतं. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर सेल लागला की जुन्या डिस्कचा भाव लगेच पडतो, आणि ‘पुन्हा खेळू कधीतरी’ म्हणून कपाटात ठेवलेली डिस्क तिथेच स्वस्त होत जाते.

सेकंड-हँड घेताना डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा आणि शक्य असेल तर विकणाऱ्याच्याच कन्सोलवर इन्स्टॉल सुरू करून पाहा. खोक्यातला बोनस कोड एकदाच चालतो, तो वापरलेला असणार असं गृहीत धरा. परदेशातून नातेवाइकांकरवी डिस्क मागवणाऱ्यांची फसगत वेगळीच असते. गेम इथे चालतो, पण भारतीय अकाउंटवरून घेतलेली त्याची डीएलसी (गेममध्ये नंतर भर घालणारा, वेगळा विकला जाणारा भाग) बऱ्याचदा चालत नाही, कारण डीएलसी आणि डिस्क एकाच प्रदेशाची लागते. अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. ज्या गेमची डीएलसी घ्यायचीच आहे, त्याची डिस्क इथलीच घ्या.

डिस्क घेतली म्हणून जागा वाचेल, ही समजूत चुकीची आहे. गेम पूर्णपणे कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवर, म्हणजे एसएसडीवरच उतरतो. डिस्क पुढे फक्त किल्लीचं काम करते आणि दर वेळी आत लागते. वाचतो तो डाउनलोड. ५० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला साडेचार तासांच्या आसपास लागतात. घरी फायबर असेल तर ही रात्रभराची गोष्ट आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर रोजचे दोन जीबी मिळत असतील तर डिजिटलचा विचारच सोडा. डिस्क असली तरी पॅच, म्हणजे गेमचे दुरुस्ती-अपडेट, उतरवावे लागतातच, तेवढा डेटा हाताशी ठेवा.

डिजिटल परवडतं ते वर्षभर एकच क्रिकेट, फुटबॉल किंवा शूटर खेळणाऱ्याला आणि सेलची वाट पाहण्याचा धीर असणाऱ्याला. एका घरात दोघं खेळत असतील तर आणखी फायदा. ‘कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले’ चालू असलेल्या पीएस५वर त्या अकाउंटचे गेम घरातल्या इतर प्रोफाइलनाही खेळता येतात. ही सोय एका अकाउंटला एकाच पीएस५वर मिळते.

परताव्याच्या बाबतीत सोनी कडक आहे. स्टीम या पीसी गेमच्या स्टोअरवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. प्लेस्टेशनवरही मुदत १४ दिवसांचीच, पण डाउनलोड सुरू केलं की साधारणपणे हक्क संपला. म्हणून ऑटो-डाउनलोड बंद ठेवा आणि आधी गेमप्लेचे व्हिडिओ पाहा.

गेम ‘आपला’ राहण्याचा मुद्दा डिस्कच्या बाजूने हिरिरीने मांडला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने आपल्या ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा डिस्क घेणाऱ्यांच्या हातातही निरुपयोगी प्लास्टिक उरलं, कारण तो गेम सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. एकट्याने ऑफलाइन खेळायच्या गेमपुरता मात्र डिस्कचा आधार खरा आहे.

आता सबस्क्रिप्शन. पीएस प्लस या सोनीच्या सबस्क्रिप्शनच्या ‘इसेन्शियल’ या मूळ प्रकारामध्ये ऑनलाइन मल्टिप्लेअर, क्लाउड सेव्ह आणि दरमहा काही गेम मिळतात, ‘एक्स्ट्रा’त त्यावर गेमचा मोठा कॅटलॉग. फोर्टनाइटसारखे मोफत गेम ऑनलाइन खेळायला प्लस लागत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे अनेक पालक उगाच पैसे भरतात. पीएस५ गेमचे सेव्ह एकेक करून यूएसबीवर कॉपी करता येत नाहीत, त्यामुळे कन्सोल बिघडण्याची धास्ती असेल तर प्लसचा क्लाउड सोयीचा पडतो.

कॅटलॉग पाहून भारावून जाऊ नका. त्यातले गेम दर महिन्याला निघूनही जातात, आणि सोनी आपले मोठे गेम पहिल्याच दिवशी तिथे देत नाही. मायक्रोसॉफ्टचं सबस्क्रिप्शन एक्सबॉक्स गेम पास अल्टिमेट तसे देतं, पण अमेरिकेत त्याचा महिन्याचा दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ वरून २९.९९ डॉलर झाला. सबस्क्रिप्शनचा आजचा दर पाच वर्षं टिकेल असं धरून कन्सोल निवडू नये.

कॅटलॉगमधले तीन-चार गेम खरोखर खेळायचे असतील तर सुट्टीत महिना-दोन महिन्यांचं ‘एक्स्ट्रा’ घ्या आणि त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करा. मुदत संपेपर्यंत सगळं चालू राहतं. आणि अजूनही निर्णय होत नसेल तर डिजिटल स्लिम घ्यायला हरकत नाही. त्याला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट हवंच.