जुन्या महिंद्रा पिकअपला डिस्क ब्रेक, बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमची महिंद्रा पिकअप वडिलांच्या वेळची. एक्सडीपी ४.९० इंजिन, म्हणजे २११२ सीसीचं प्युजो डिझेल, आजही एका सेल्फमध्ये चालू होतं. तक्रार होती ती थांबण्याची आणि वळण्याची. चारही चाकांना ड्रम ब्रेक (फिरत्या ड्रमला आतून लायनर, म्हणजे घर्षणाची पट्टी, दाबून थांबवणारे), पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. ऑइलचा एक होज (नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. भरल्या गाडीनं तुळजापूरचा घाट उतरताना लायनर तापल्याचा वास केबिनमध्ये यायचा आणि पेडल जड होऊनही गाडी धरायची नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मालक, आधी थांबायचं बघू, वळायचं मग." हा क्रम सगळ्यांनीच पाळावा असं मला वाटतं.

समोरच्या चाकांना डिस्क ब्रेक (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवणारा) घेतला, पण नुसती डिस्क बसवून भागत नाही. ड्रममध्ये फिरणारा ड्रम लायनरला स्वतःच ओढून घेतो. डिस्कमध्ये ती मदत नसते, त्यामुळे बूस्टर नसेल तर पाय उलट जास्त दुखतो. बूस्टरला व्हॅक्यूम (हवा ओढून केलेली पोकळी) लागतो आणि डिझेल इंजिनाला थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नसल्यामुळे तो मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) मिळत नाही. म्हणून मागच्या टोकाला व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर घातला. मास्टर सिलिंडरही दोन सर्किटचा घेतला. जुना ड्रमचा ठेवला असता तर त्यातला चेक व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, पॅड डिस्कला घासत राहतात आणि हब तापतात.

फरक सर्वांत जास्त जाणवला पावसाळ्यात. पूर्वी ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की एका बाजूचं लायनर भिजून ब्रेक मारताच गाडी डावीकडे ओढायची. आता पाण्यातून बाहेर आल्यावर पेडल एकदा हलकं दाबलं की पुरतं, गाडी सरळ थांबते. एप्रिल-मेच्या उन्हात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, घाटाच्या पायथ्याशीही पेडल तेवढंच वर राहिलं.

मागच्या चाकांना ड्रमच ठेवलेत, आणि इथे एक गोष्ट नीट बघावी लागते. पिकअप रिकामी असली की मागचा भाग हलका असतो. समोरचा ब्रेक चांगला झाला की पाय निर्धास्त पडतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन शेपूट सरकते. भाराप्रमाणे मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवल्यावर हे थांबलं. त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. मागचे पाटे (स्प्रिंग) बदलले तर तो पुन्हा सेट करून घ्या.

आणि कळकळीनं सांगतो, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आपल्याकडची जुनी सवय पूर्ण सोडा. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. बूस्टरमधला साठा एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. बूस्टर तपासायची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक.

स्टिअरिंगचं काम थोड्या दिवसांनी केलं. आधी समोरची चाकं वळवणारे जोड, म्हणजे टाय रॉड एंड आणि किंग पिनचे बेअरिंग, आणि जोडाजोडांतला सगळा प्ले (ढिलेपणा) काढला, मग बोलेरोचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवला. प्ले तसाच ठेवून पॉवर बसवणारे पुष्कळ आहेत. हाताला हलकं लागतं म्हणून झिजलेले जोड कळतच नाहीत, आणि ते फार वाईट. बॉक्स जिथे बसतो तिथे चासीला आतून जाड पट्टी लावून घ्यावी, नाहीतर तिथेच तडा जातो.

मार्केट यार्डातल्या गर्दीत आता एका हातानं गाडी वळते. हैदराबाद रोडवर सत्तरच्या पुढे मात्र सुरुवातीला ती तरंगल्यासारखी वाटायची, वळणानंतर चक्र आपोआप सरळ यायचं नाही. पुढच्या पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर (चाक ज्याभोवती वळतं त्या अक्षाचा मागे कललेला कोन) वाढवला, टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) पुन्हा सेट केलं, तेव्हा गाडी रेषेत धावू लागली.

काम सुरू करण्याआधी एमएच-१३च्या, म्हणजे सोलापूरच्या, आरटीओत बदलाबद्दल विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे ते मी पावसाळा संपला की बदलतो, आणि त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही टाइट करून घेतो.