शिआत्सु : आठ महिने, अठरा वेळा

शिआत्सु म्हणजे बोटांनी अंग दाबून उपचार करण्याची जपानी पद्धत. आधी हिशेब मांडते, कारण ओळखीतले सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. एका तासाचे ६,००० येन. पहिले दोन महिने दर आठवड्याला गेले, पुढचे चार महिने पंधरा दिवसांनी, आता महिन्यातून एकदा. अठरा वेळा झालं, म्हणजे १,०८,००० येन गेले. विम्यातून छदाम मिळाला नाही. जपानच्या आरोग्य विम्यात पक्षाघात किंवा आखडलेले सांधे अशा कारणांसाठी, तेही डॉक्टरांचं संमतीपत्र असेल तर, मसाजचा खर्च धरतात. लॅपटॉपसमोर बसून धरलेल्या खांद्याला तिथे कुणी विचारत नाही.

तर तो खांदा. मी तोक्योत निशी-कासाईला राहते, घरूनच काम करते. गेल्या वर्षी उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत असं काही भरून आलं की केस विंचरायला हात वर जाईना. इथे या दुखण्याला ‘काताकोरी’ म्हणतात, आणि ते आपल्याकडच्या अ‍ॅसिडिटीसारखं घरोघरी असतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाडाला काही नाही म्हणाले, दुखऱ्या जागी चिकटवायच्या औषधी पट्ट्या दिल्या.

मग मी चूक केली. स्टेशनजवळ ‘६० मिनिटं २,९८० येन’ अशी पाटी दिसली आणि आत शिरले. मुलगा तरुण होता, जोर भरपूर, आणि कोपर तर असं लावलं की जणू पाटा-वरवंटा. मला वाटलं दुखतंय म्हणजे गुण येतोय. दुसऱ्या दिवशी मान वळेना, दोन दिवस उशीला टेकता येईना. याला जपानीत ‘मोमिकाएशी’ असा खास शब्दच आहे, म्हणजे रगडण्याचा उलटा फटका. शब्द आहे यावरूनच काय ते समजायला हवं होतं.

नंतर ऑफिसातल्या एका जपानी बाईंनी डोळे उघडले. ‘रिलॅक्सेशन’, ‘बॉडी केअर’, ‘सेइताई’ (म्हणजे अंग नीट बसवून देणं) असल्या पाट्या लावायला परवाना लागत नाही. ‘शिआत्सु’ धंदा म्हणून करायचं तर राष्ट्रीय परवाना लागतो: तीन वर्षांचं शिक्षण, त्यात शरीररचनाशास्त्र, मग सरकारी परीक्षा. परवान्यावर अनमा, मसाज आणि शिआत्सु तिन्ही एकत्र असतात. यातला अनमा हा जुना जपानी मर्दनाचा प्रकार. तो शतकानुशतकं अंध लोकांचा व्यवसाय राहिला आणि आजही बरेच परवानाधारक दृष्टिहीन असतात.

माझे सेन्सेईही (गुरुजी, डॉक्टर अशांना जपानीत आदराने असं म्हणतात) त्यातलेच, साठीच्या पुढचे, फार थोडं दिसतं. जमिनीवर दोन फुतोन, म्हणजे जपानी गाद्या, मावतील एवढी खोली, भिंतीवर चौकटीत परवाना, कोपऱ्यात किटली. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं त्यांनी नुसते प्रश्नच विचारले. ताप आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हाड कधी मोडलं होतं का, पाळी, झोप, पोट. हे प्रश्न न विचारता कुणी थेट हात लावायला लागला, तर उठून यावं असं माझं मत झालंय.

आपल्या डोक्यात मालिश म्हटलं की तेल येतं: दिवाळीचं अभ्यंग, बाळंतिणीला शेकशेगडी, रगडणारी मावशी. इथे तेलाचा थेंब नाही. सुती सैल कपडे घालून जायचं, पूर्ण कपड्यांतच आडवं व्हायचं. ते अंगावर एक पातळ पंचासारखं कापड टाकतात, तेनुगुई, आणि त्यावरून दाबतात. ‘शि’ म्हणजे बोट, ‘आत्सु’ म्हणजे दाब. चोळणं नाही, घसरणं नाही. अंगठा टेकतो, मग त्यांचं सगळं वजन सावकाश त्या अंगठ्यात उतरतं, तीन ते पाच सेकंद थांबतं आणि तसंच सावकाश निघून जातं. मग बोटभर खाली पुढचा बिंदू. मणक्याच्या कडेने असं उतरत जाताना माझी बरगडी कुठे संपते ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

अधूनमधून विचारतात, “इताकुनाई देसु का?” दुखत नाही ना? मी आपली भिडेखातर “दाइजोबु, दाइजोबु”, ठीक आहे, ठीक आहे, करायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, “तुम्ही श्वास धरलाय.” खरंच धरला होता. दात आवळले होते आणि पायाची बोटंही. मग घरी लक्ष ठेवलं, तर मीटिंग चालू असताना मी दिवसभर तेच करत होते. अठरा वेळांतली सर्वांत कामाची गोष्ट मला विचाराल तर ही.

ही दाबण्याची पद्धत तोकुजिरो नामिकोशी यांची. लहानपणी होक्काइदोत आईचे दुखरे सांधे दाबता दाबता त्यांना ती सापडली असं सांगतात. १९२५ साली त्यांनी तिथे दवाखाना काढला, १९४० साली तोक्योत शाळा. १९५४ साली मेरिलिन मन्रो जपानला आली तेव्हा तिच्यावरही त्यांनी उपचार केले होते. दुसरी शाखा शिझुतो मासुनागा यांची, तिला झेन शिआत्सु म्हणतात; त्यात पोट, म्हणजे ‘हारा’, चाचपून मेरिडियनवरून, म्हणजे चिनी वैद्यकात मानलेल्या ऊर्जेच्या वाहिन्यांवरून, उपचार ठरवतात. माझे सेन्सेई स्नायू आणि नसांच्याच भाषेत बोलतात. ते मला बरं वाटतं, कारण मेरिडियन शरीरात कुणाला उघडून दाखवता आलेले नाहीत.

आता गुण किती आला? पहिले दोन महिने खांदा तीन दिवस हलका राहायचा, चौथ्या दिवशी पुन्हा जैसे थे. मी कुरकुरले, तर सेन्सेईंनी खुर्चीची उंची विचारली. टेबलच चार बोटं उंच निघालं! ते बदललं, तासातासाला उठायला लागले आणि मग फरक टिकायला लागला. त्यामुळे श्रेय निम्मं सुताराचं. झोप मात्र खरोखर सुधारली, आणि डोकेदुखीची गोळी महिन्यातून एखादीच लागते. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर पडत असतील, तर मात्र आधी डॉक्टर. दाबून घ्यायला नंतर.

उन्हाळ्यात आई सांगलीहून आली होती. तिचे गुडघे, शिवाय हृदयासाठी रक्त पातळ व्हायची गोळी. मोठ्या उत्साहाने तिला घेऊन गेले. सेन्सेईंनी गोळीचं ऐकलं, हात मांडीवर ठेवले आणि वाकून माफी मागितली: डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबणार नाही. चहा दिला, पैसे घेतले नाहीत. मला ओशाळल्यासारखं झालं. आई जिना उतरताना म्हणाली, “नाही म्हणतोय ना, मग माणूस शहाणा आहे. तू जात जा याच्याकडे.”

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दाबून घेतल्यावर त्या संध्याकाळी अंग जड होतं, गाडी चालवायची किंवा डेडलाइनची कामं ठेवू नका. आणि भरल्या पोटी जाऊ नका. मी एकदा पावभाजी खाऊन गेले होते, पालथं झोपवल्यावर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी पुढची वेळ १२ तारखेला दुपारी चारची आहे. त्या दिवशी डब्यात नुसता वरणभात.