बॉक्सवर 388, आत पाच सेल

पारोळ्याजवळ धुळे-जळगाव हायवेला लागून माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत चाकाचे नट काढणारं-आवळणारं मशीन, तिच्या नावाखाली माझे साडेसहा हजार गेले. कापसाचा हंगाम आहे, गाड्या वाढल्यात आणि ती विकणारा याच भागात फिरतोय, म्हणून लिहितो.

दुपारी एक पांढरी व्हॅन थांबली. "दादा, प्रदर्शनातला उरलेला माल आहे, निम्म्या भावात देतो." बॅटरीवर चालणारी गन होती. बॉक्सवर ठळक अक्षरांत 388 व्हीएफ आणि खाली 1200 न्यूटन मीटर, म्हणजे नट फिरवायच्या जोराचं माप. मला अशी गन हवीच होती, कारण हवेच्या गनला लागणारा कॉम्प्रेसर रस्त्यात अडकलेल्या ट्रकपर्यंत कसा नेणार? दारात एका गिऱ्हाइकाची छोटी कार उभी होती. विकणाऱ्याने तिच्या एका चाकाचे चारही नट फटाफट काढून दाखवले. ते नट सकाळीच मी हाताने आवळले होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. कारच्या चाकाचा नट साधारण 100 न्यूटन मीटरला आवळतात. ट्रकचा 600 च्या आसपास असतो आणि गंज धरला की त्याहून घट्ट. कारचा नट निघाला यावरून ट्रकचं काहीच कळत नाही.

चौथ्या रात्री मुकटीजवळून फोन आला. कापसाच्या गाठी भरलेला दहा चाकी ट्रक, मागचं बाहेरचं चाक बसलेलं. गन लावली तर नुसती खडखडत राहिली, नट जागचा हलेना. मिनिटभरात बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली आणि गन बंद पडली. ड्रायव्हर आपल्याच भागातला होता. तो म्हणाला, "भाऊ, हाई ते खेळणं शे." शेवटी पान्याला पाच फुटी पाइप घालून आम्ही दोघांनी दहाही नट काढले. अंधारात पाठीमागून कंटेनर जात होते. वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागले, आणि ते दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला जीव मुठीत धरून काढले. पैशापेक्षा मला त्याचाच राग जास्त आहे.

सकाळी बॅटरी उघडली. दहा सेल बसतील एवढी जागा, आत फक्त पाच. पूर्ण चार्ज करून मीटर लावला तर 20.6 व्होल्ट. लिथियमचा एक सेल 3.6 व्होल्टचा, पूर्ण भरला की 4.2. पाच सेल म्हणजे 18 व्होल्टची साधी बॅटरी झाली. खरोखर 388 व्होल्ट हवे असते तर शंभरावर सेल लागले असते. आणि 'व्हीएफ' नावाचं एकक कुठेच नाही, ते फक्त छापायला आहे.

मग ओळखीच्या गॅरेजमधून टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना आणला. एका जुन्या हबवर नट ठरावीक मापाला आवळायचा आणि गनने काढून बघायचा. 200 ला निघाला. 250 ला अर्धा मिनिट लागला. 300 ला निघालाच नाही. चांगल्या कंपनीच्या गनवरही दोन आकडे असतात, आवळण्याचा आणि सोडवण्याचा. सोडवण्याचा मोठा असतो, म्हणून जाहिरातीत तोच पुढे करतात. तुम्ही आवळण्याचा विचारा. गनचं तोंडही पाहा: कारला अर्धा इंच चालतं, ट्रकला पाऊण किंवा एक इंच लागतं. माझी अर्ध्या इंचाची होती, वर अडॅप्टर लावून मोठी गोटी (नटावर बसणारा सॉकेट) बसवलेली, त्यात ठोक्याचा जोर आणखी कमी झाला.

बिल मिळालं होतं. पण त्यावरचा जीएसटी नंबर 14 अक्षरांचा निघाला. खरा 15 अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. घेतानाच मोजला असता तर तिथेच समजलं असतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. दुकानासाठी घेतलेली वस्तू म्हणून आपल्याला ग्राहक धरणार नाहीत असं अनेकांना वाटतं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. अडचण एवढीच की बिलावरचा पत्ता खोटा आणि फोन बंद, तर नोटीस जाणार कुठे?

ओळखीच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना मी हे सांगून ठेवलं होतं. परवा शिरपूरहून एका मिस्तरीचा फोन आला, तीच व्हॅन त्याच्या दारात उभी होती. मी म्हटलं, समोर जो ट्रक उभा आहे त्याच्या मागच्या चाकाचा नट त्याला काढायला लाव. विकणारा म्हणाला, बॅटरी उतरली आहे, चार्ज करून येतो. व्हॅन गेली ती परत आली नाही.