घडीचा पोलरॉइड की नवा इन्स्टॅक्स?

भाचीला पोलरॉइडचा एसएक्स-७० मिळतोय, म्हणजे फोटो जागच्या जागी हातात देणारा कॅमेरा, जुना, घडी होणारा. विचारतेय, हा घेऊ की सरळ फुजीफिल्मचा तसाच झटपट फोटोचा नवा कॅमेरा, इन्स्टॅक्स मिनी १२?

देखणेपणात तुलनाच नको. १९७२ सालचा एसएक्स-७० मिटला की चपटा, उघडला की एसएलआर, म्हणजे लेन्समधून दिसतं तेच डोळ्याला दिसतं! काचेची लेन्स, हाताने फोकस, साधारण २६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. मिनी १२ म्हणजे फुगीर प्लास्टिक.

पण खरा खर्च फिल्मचा. पोलरॉइडच्या पाकिटात ८ फोटो, इन्स्टॅक्सच्या १०, आणि दर फोटोमागे पोलरॉइड बराच महाग. चित्र मात्र मोठं: ७९ मिलिमीटरचा चौरस. मिनीचं ६२ बाय ४६, पैशांच्या पाकिटात मावेल एवढंच.

उन्हाळ्यात तर विचारूच नका. २८ अंशांच्या वर पोलरॉइडचे रंग पिवळट-तांबूस होतात, म्हणजे मे महिन्यात फिल्म फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. फोटो बाहेर आला की उजेडापासून लपवायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. इन्स्टॅक्स दीडेक मिनिटात मोकळा.

बॅटरीची गंमत उलटी: एसएक्स-७०ची फिल्मच्या पाकिटातच असते, मिनीला दोन पेन्सिल सेल लागतात. दुरुस्ती? जुन्याचा जाणकार कारागीर शोधावा लागेल. घेण्याआधी झाकण उघडून फोटो बाहेर ढकलणारे रोलर बघ. वाळलेलं रसायन चिकटलं असेल तर फोटोवर डाग उमटतात. बाहेरचं कातडं सुटलेलं चालेल, फाटलेला भाता (कॅमेऱ्याचा घडी होणारा काळा पडदा) नाही.

लग्न, सहल, मित्रमंडळींत वाटायला मिनी. महिन्याला आठच फोटो, तेही सावकाश काढायचे असतील तर एसएक्स-७०.