सुश्रूषा केंद्राचा काही महिन्यांचा अनुभव : कोल्हापुरात जागा निवडताना रात्रपाळी आधी बघा

रुग्ण अंथरुणाला खिळलेला, नाकात नळी, लघवीची पिशवी, जोडीला मधुमेह. अशा रुग्णासाठी शहरातल्या एका खासगी सुश्रूषा केंद्राची सेवा काही महिने वापरून हे लिहितोय. केंद्राचं नाव देत नाही, कारण त्यातल्या बऱ्याचशा उणिवा थोड्याफार फरकानं सगळीकडे सापडतील. थोडक्यात मत असं : दिवसाची सेवा चांगली, जेवण चांगलं, स्वच्छता बरी, रात्रीचं काम कमकुवत. पण बोट दाखवलं की सुधारतात, म्हणून रुग्ण अजून तिथंच आहे.

चौकशीला जाणारे नातेवाईक खोली, खिडकी, टीव्ही, बाग बघतात. एकाच कुशीवर पडून राहिल्यानं रुग्णाला जखम (बेडसोर) होते ती रात्री. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : रात्री आठ ते सकाळी आठ जागं कोण असतं, आणि त्यांच्याकडे स्वतः कूस बदलू न शकणारे रुग्ण किती? एकूण रुग्णांचा आकडा सांगितला तर थांबू नका. चालतेफिरते वीस सांभाळणं सोपं, खिळलेले बारा अवघड.

हिशेब करून बघा. बारा रुग्णांची दर दोन तासांनी कूस बदलायची. नीट करायचं तर एकेकाला दोन माणसं लागतात, आणि डायपर बघून, चादर सरळ करून आठ मिनिटं तरी जातात. म्हणजे 120 मिनिटांतली 96 मिनिटं दोघंही फक्त याच कामात. मग नळीवाटे पाणी कोण देणार, बेल वाजली तर कोण उठणार? एकटी मावशी असेल तर दोन-दोन तासांनी कूस बदलली जात नाही, हे धरूनच चाला. ती काखेत धरून ओढते आणि त्या ओढण्यानं माकडहाडाजवळची कातडी घासून फाटते. तिचा दोष कमी, माणसं न नेमणाऱ्या मालकाचा जास्त.

कूस बदलल्याचा तक्ता मागून घ्या. रात्री 10, 12, 2, 4 या चारही नोंदी एकाच पेनानं, एकाच कलत्या अक्षरात, एका ओळीत असतील तर तो तक्ता सकाळी चहा पिताना भरलेला आहे. खऱ्या तक्त्यात खाडाखोड असते, सह्या वेगळ्या असतात, मध्येच ‘उलटी, चादर बदलली’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डावी, उजवी, पाठ हे लिहिलंय का तेही बघा. तक्त्यात डावी कूस आणि रुग्ण उताणा, हे दिवसाढवळ्या दिसलं तर रात्रीचा अंदाज करता येतो.

जखम कुठं होते ते नातेवाईकांनीच शिकून घ्यावं : माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, घोटे, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे. लाल डाग दिसला की बोटानं दाबायचा. बोट काढताना जागा फिकी पडून मग पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालीच हलत नसेल तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. अशा जागेवर तेल, स्पिरिट काहीही लावून चोळायचं नाही, खालच्या नाजूक पेशी आणखी दुखावतात. हवेची गोल रिंगही नको, ती कडेला दाब वाढवून मधला रक्तपुरवठा कमी करते. टाचांसाठी पोटरीखाली उशी लांबीत ठेवून टाच अधांतरी ठेवावी, एवढं पुरतं. कुशीवर वळवताना पूर्ण आडवं करण्यापेक्षा पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंशांवर ठेवलं तर खुब्यावर भार येत नाही.

‘आमच्याकडे सगळ्यांना एअर बेड’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं. एअर बेड (पंपानं हवा भरत-सोडत राहणारी गादी) कूस बदलण्याला पर्याय नाही, आणि तो चालतोय का हे तपासायला एक मिनिट लागतं. तळहात वर करून गादीच्या खाली, रुग्णाच्या बैठकीच्या बरोबर खाली सरकवा. हात आणि रुग्ण यांच्यात इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी बसलेली आहे. पंपाचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. प्रत्यक्षात आधीच्या रुग्णाला लावलेलंच राहतं. वर रबरशीट, त्यावर घडी घातलेली चादर, त्यावर आणखी एक टॉवेल, आणि सगळं ताणून खोचलेलं असेल तर खालची हवा भरते-सुटते ती कातडीपर्यंत पोचतच नाही. तिसरी अडचण विजेची. लाइट गेली की पंप बंद, आणि गादी हळूहळू बसते. पंपाचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे बोर्डाकडे जाऊन बघा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आमच्या केंद्रात पंखे इन्व्हर्टरवर होते, पंप नव्हते. सांगितल्यावर लाइन फिरवून दिली.

नळीतून जेवण. चांगल्या ठिकाणी पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर असते, पिस्टन काढलेल्या मोठ्या सिरिंजमधून 200 ते 250 मिली पातळ जेवण आपल्या वजनानं हळूहळू उतरतं, आधी आणि नंतर सुमारे 30 मिली पाणी दिलं जातं, आणि पुढचा तासभर रुग्णाला सपाट झोपवत नाहीत. घाई असली की पिस्टननं ढकलतात, उलटी होते, अन्न फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. नाकपुडीजवळ नळीवर कोणता आकडा आहे तो लिहून ठेवलेला असावा. नळी बाहेर सरकली तर त्यावरूनच कळतं. जे तोंडानं खातात पण ठसकतात, त्यांना पाणी आणि चहा हेच जास्त धोक्याचे. दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात दाट आणि एकजीव असेल तर बरा जातो, वर नुसतं दूध सुटलेलं नसावं.

सहसा कुणी विचारत नाही तो मुद्दा पाण्याचा. पाणी कमी दिलं की डायपर कमी बदलावे लागतात. हा शॉर्टकट कुणी कबूल करत नाही, पण दिसतो : लघवी गडद, जीभ कोरडी, आणि कालपर्यंत ओळखणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलतोय. चोवीस तासांत पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली, ही नोंद पिशवीवाल्या रुग्णाची तरी असायलाच हवी. बिलावरूनही कळतं. दिवसाला पाच डायपर धरले तर महिन्याला 150, दहाच्या पाकिटांत पंधरा पाकिटं. बिलात आठच पाकिटं आली तर पैसे वाचल्याचा आनंद मानू नका. दिवसाला तीनसुद्धा झाले नाहीत, असा त्याचा अर्थ.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली हवी. व्हीलचेअरवर घेताना ती पोटावर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी जाते आणि जंतुसंसर्ग होतो. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्याची तारीख आणि तो लेटेक्सचा की सिलिकॉनचा हे फाइलवर असावं, दोन्हींच्या बदलण्याच्या मुदतीत आठवड्यांचा फरक असतो.

औषधांत तीन गोष्टी बघा. प्रत्येकाचा डबा वेगळा, नावासकट. इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख, कारण साधारणपणे 28 दिवसांनंतर ती वापरायची नसते. आणि नळीवाटे द्यायला गोळ्या कुटताना हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही कुटतात का. तशी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो, म्हणून डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्यायचं. मधुमेहाची गोळी दिली आणि रुग्णानं जेवण नाकारलं तर साखर खाली जाते. अशा वेळी काय करायचं हे रात्रीच्या माणसाला विचारा, मॅनेजरला नको. झोपेची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि नळी ओढतो म्हणून हात पलंगाला बांधायचे नाहीत, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. हातमोज्यासारखा मऊ मिटन वापरून बहुतेकदा भागतं.

खरजेबद्दल. अशा ठिकाणी ती येतेच, आणि एकालाच मलम लावल्यानं जात नाही. परमेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून पायापर्यंत, त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन सगळ्या रुग्णांना आणि मावश्यांना एकाच रात्री, कपडे-चादरी गरम पाण्यातून, आणि आठवड्यानं पुन्हा. ‘उष्णतेनं खाज येतीय’ असं उत्तर मिळालं तर मनगट आणि बोटांच्या बेचक्या स्वतः बघा.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते : पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा तीच गत. इमारत उंचावर आहे एवढ्यानं भागत नाही. 2019 ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद होता, आणि उपसा केंद्रं बुडाल्यानं शहराला नळाचं पाणी नव्हतं. म्हणजे राजारामपुरीच्या चढावरचं केंद्र कोरडं राहिलं तरी तिथं पाणी, सिलिंडर आणि डायपर यायचे कसे? शिवाय मावश्या येणार नदीपलीकडच्या गावांतून, त्याच अडकल्या तर पाळी कोण करणार? म्हणून विचारा : टाकी किती लिटरची, जनरेटरला डिझेल किती तासांचं, ऑक्सिजनची सोय किती दिवसांची, आणि इशारा पातळी आली की किती लोकांना मुक्कामी ठेवता. शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा रमणमळ्याच्या बाजूची जागा असेल तर रुग्ण कोणत्या पातळीला हलवणार आणि कुठं, हेही. उत्तरात ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ याच्या पुढे काही नसेल तर तयारी नाही.

आगीचं पटकन : खिळलेले रुग्ण तळमजल्यावर हवेत, किंवा स्ट्रेचर मावणारी लिफ्ट आणि रॅम्प हवा. बारा फूट लांबीला फूटभर चढ हा रॅम्पचा योग्य उतार, त्याहून उभा असेल तर एकट्या माणसाला व्हीलचेअर आवरत नाही. अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात, ऑक्सिजनचे सिलिंडर साखळीनं बांधलेले, मागचं दार कुलूप न लावलेलं. अग्निसुरक्षेचं बी फॉर्म प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी लागतं, ताजं दाखवायला सांगा. सलाईन, इंजेक्शन, ऑक्सिजन देत असतील तर नर्सिंग होम नोंदणीचं महापालिकेचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. नुसता वृद्धाश्रम म्हणून चालवून आत सलाईन लावत असतील तर उठा आणि निघा. ‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेली व्यक्ती एएनएम (सहायक परिचारिका) की जीएनएम (पूर्ण प्रशिक्षित परिचारिका), आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारताना संकोच नको.

भेट द्यायची वेळ संध्याकाळी आठ, पाळी बदलताना, नाहीतर रविवारी दुपारी. आत गेल्यावर रुग्णाची बेल दाबा आणि घड्याळ बघा. लघवीचा वास येणं वाईटच, पण फिनेलचा डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर तो कशावर मारलाय हे शोधा.

करारात मासिक रकमेबाहेर काय काय येतं ते लिहून घ्या : डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, ड्रेसिंग, डायपर, हॉस्पिटलला नेताना सोबतचा माणूस. आरोग्य विमा अशा मुक्कामाचे पैसे सहसा देत नाही. अत्यवस्थ झाल्यास 108 बोलवायची की खासगी गाडी, सरकारी सीपीआर रुग्णालयात न्यायचं की कुठं, आणि त्या दिवसांचं केंद्राचं भाडं चालू राहणार का, यावरून नंतर भांडणं होतात. दर महिन्याला वजन करून द्यायचं कलम घाला, महिन्यात पाच टक्के घट म्हणजे डॉक्टरांना बोलवायची वेळ. तक्रार केंद्रात मिटली नाही तर ज्येष्ठ नागरिकांची 14567 हेल्पलाइन आहे. रुग्णाला हलवायचं ठरलं तर शेवटचं बिल भरण्याआधी औषधांचा तक्ता, कॅथेटर आणि नळी बदलल्याच्या तारखा आणि पाठीचा त्या दिवशीचा फोटो घ्या. नव्या ठिकाणी दाखल करताना पहिली विचारणा याचीच होते.